वाचकांचे प्रश्न : बडोदा स्क्वाड्रन, ओख्याच्या क्षेपणास्त्र नौका आणि दीवची खुकरी

गेल्या अंकात युद्धनौका आणि लढाऊ विमाने यांविषयी प्रश्न पाठवण्याचे आवाहन आम्ही केले होते. आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे बडोदे आणि सौराष्ट्राचा किनारा यांच्याशी जोडलेली निघाली, याचा आनंद वाटतो. त्यांतील चार पत्रे येथे घेतली आहेत. पहिल्या दोन पत्रांना उत्तर देताना जागा अधिक लागली आहे, कारण विषयच तसा आहे.

प्रश्न : आमच्या आजोबांच्या पत्र्याच्या ट्रंकेत एका इंग्रजी वृत्तपत्राचे पिवळे पडलेले कात्रण सापडले. त्यात एका लढाऊ विमानाचे छायाचित्र आहे आणि त्याखाली 'बडोदा स्क्वाड्रन' असे छापले आहे. विमानाच्या अंगावर इंग्रजीतील 'ओ' आणि 'एन' ही अक्षरे मोठ्या आकारात रंगवलेली दिसतात. दुसऱ्या महायुद्धात बडोद्याचे तरुण ही विमाने उडवीत होते, असे आमच्या घरात पूर्वीपासून सांगतात. हे खरे आहे काय?
(दांडिया बाजार, बडोदे)

उत्तर : आपण पाठवलेली प्रत भिंगाखाली धरून बराच वेळ पाहिली. विमान स्पिटफायर आहे, याविषयी शंका नाही. तथापि हे नेहमीचे स्पिटफायर नव्हे. नेहमीच्या स्पिटफायरचा पंख टोकाकडे लंबगोल होत जातो, आपल्या चित्रात मात्र तो भाल्याच्या पात्यासारखा टोकदार होत गेला आहे. पुढच्या पंख्याला तीनऐवजी चार पाती आहेत. उजव्या पंखाखाली रेडिएटरची मोठी पेटी आणि डाव्या पंखाखाली तेल थंड ठेवणारे लहान नळकांडे दिसते. या तीन खुणा एकत्र आल्या की ते स्पिटफायरचे सहावे रूप, म्हणजे मार्क सहा, असे समजावे. त्याची केवळ शंभरच्या आसपास विमाने तयार झाली. अंगावरील 'ओएन' ही अक्षरे ब्रिटिश हवाई दलाच्या १२४ क्रमांकाच्या स्क्वाड्रनची, म्हणजे लढाऊ विमानांच्या तुकडीची, आहेत आणि या स्क्वाड्रनचे अधिकृत नावच '१२४ (बडोदा) स्क्वाड्रन' असे होते. कात्रणातील ओळ बरोबर आहे.

आता आपल्या मुख्य प्रश्नाकडे येऊ. ही स्क्वाड्रन बडोद्याची होती ती नावाने आणि पैशाने. १९४० साली ब्रिटन एकाकी पडले असताना तेथील विमान-उत्पादन खात्याने देणग्या मागवल्या आणि एका स्पिटफायरची किंमत सोयीसाठी पाच हजार पौंड धरली. प्रत्यक्षात एका विमानाचा खर्च याहून पुष्कळ अधिक येई. तरीही हा आकडा लोकांच्या तोंडी बसला आणि गावे, कारखाने, वसाहती आणि संस्थाने यांच्या नावाची विमाने आकाशात दिसू लागली. ज्यांची देणगी मोठी, त्यांचे नाव संपूर्ण स्क्वाड्रनला दिले जाई. हैदराबादच्या निजामांनी पहिल्या महायुद्धातही ११० क्रमांकाच्या स्क्वाड्रनसाठी विमाने दिली होती, म्हणून ती 'हैदराबाद स्क्वाड्रन' म्हणवली गेली. सयाजीराव महाराजांचे निधन १९३९ च्या फेब्रुवारीत झालेले असल्यामुळे दुसऱ्या महायुद्धातील ही देणगी श्रीमंत प्रतापसिंहराव गायकवाड यांच्या काळातील आहे. संस्थानाचा पैसा म्हणजे अखेर शेतसारा भरणाऱ्या रयतेचा पैसा, हे आपण विसरू नये, आणि माझ्या मते त्या नावावर बडोद्याच्या सामान्य माणसाचा हक्क आहे तो याच कारणाने.

विमाने उडवणारे मात्र ब्रिटिश हवाई दलाचे वैमानिक होते. भारतीय वैमानिक त्या युद्धात लढले नाहीत, असा याचा अर्थ मुळीच नाही. १९४० च्या शरद ऋतूत चोवीस भारतीय वैमानिकांची एक तुकडी प्रशिक्षणासाठी ब्रिटनमध्ये दाखल झाली आणि त्यांतील महिंदरसिंग पुजी यांच्यासारख्यांनी तेथील निरनिराळ्या स्क्वाड्रनांमध्ये राहून युद्ध केले. इकडे ब्रह्मदेशाच्या आघाडीवर करुण कृष्ण मजुमदार यांनी लायसँडरसारख्या संथ विमानातून जपानी तळावर हल्ला केला. त्यांचे श्रेय त्यांच्या नावाने द्यावे आणि बडोदा स्क्वाड्रनचे श्रेय तिच्या वैमानिकांना द्यावे, हेच योग्य होईल. आजोबांनी कात्रण जपून ठेवले त्यामागचा अभिमान खोटा नव्हता. 'बडोद्याच्या नावाची विमाने' या शब्दांचे पुढच्या पिढीत 'बडोद्याच्या मुलांची विमाने' झाले असावे.

या स्क्वाड्रनने काय केले, हे सांगितल्याशिवाय उत्तर पुरे होणार नाही. १९४१ च्या मे महिन्यात ती स्कॉटलंडच्या उत्तर टोकाला, कॅसलटाउन येथे उभी राहिली. ब्रिटिश आरमाराचा स्कापा फ्लो हा तळ आणि किनाऱ्यालगत जाणारे जहाजांचे ताफे यांच्यावर पहारा ठेवणे हे तिचे पहिले काम होते. त्याच वर्षीच्या हिवाळ्यात ती लंडनच्या दक्षिणेस बिगिन हिल येथे आली. त्या हिवाळ्यातील एक प्रसंग येथे सांगितला पाहिजे, कारण विमान आणि युद्धनौका यांची इतकी दुःखद गाठ क्वचितच पडली असेल. १२ फेब्रुवारी १९४२ रोजी शार्नहॉर्स्ट, ग्नायझेनाउ आणि प्रिंझ ऑयगेन ही तीन मोठी जर्मन जहाजे इंग्लिश खाडीतून भर दिवसा निघून गेली. त्यांना अडवण्यासाठी पाठवलेली सहा स्वोर्डफिश विमाने कापडाने मढवलेली आणि दुहेरी पंखांची होती आणि त्यांच्या पोटाखाली पाणतीर (टॉर्पेडो) टांगलेला होता. त्यांच्या रक्षणासाठी पाच स्क्वाड्रन ठरवल्या होत्या, त्यांपैकी वेळेवर गाठ पडली ती केवळ ७२ क्रमांकाच्या स्क्वाड्रनशी. सहाही स्वोर्डफिश पाडली गेली आणि अठरा जणांपैकी पाच जण वाचले. तुकडीचे प्रमुख यूजीन एस्मंड यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस देण्यात आला. ढगाळ हवा, उशिरा मिळालेली खबर आणि घाईत ठरवलेली भेटीची जागा, एवढ्या कारणांनी ती माणसे गेली.

१९४२ च्या उन्हाळ्यात बडोदा स्क्वाड्रनला मार्क सहा विमाने मिळाली, आणि आपले छायाचित्र याच काळानंतरचे आहे. जर्मनांची युंकर्स ८६ ही विशेष बनावटीची विमाने चाळीस हजार फुटांच्या वरून उडत येत. तेथे साधे लढाऊ विमान पोहोचत नसे, आणि पोहोचले तरी विरळ हवेत वैमानिकाचे शरीर साथ देत नसे. म्हणून मार्क सहाचा कॉकपिट हवाबंद करण्यात आला, एंजिनाच्या जोरावर त्यात हवा भरण्याची सोय केली गेली आणि विरळ हवेत आधार मिळावा म्हणून पंखांची टोके लांबवण्यात आली. याची किंमत वैमानिकाला मोजावी लागे. त्याच्या डोक्यावरचे पारदर्शक झाकण मागे सरकणारे नव्हते. तो आत बसला की यांत्रिक ते बाहेरून बसवून घट्ट करीत आणि प्राणावर बेतले तरच ते फेकून देता येई. उंचावर कडाक्याची थंडी असे, तर खाली असताना त्या बंद पेटीत घामाच्या धारा लागत. पुढे आलेले मार्क सात या बाबतीत सुधारलेले होते आणि तेही या स्क्वाड्रनने वापरले.

जी स्क्वाड्रन आकाशाच्या सर्वांत वरच्या थरासाठी तयार केली होती, तिच्याकडे १९४५ च्या आरंभी अगदी उलटे काम आले. हॉलंडमधून लंडनवर व्ही-२ अग्निबाण सुटत होते. ध्वनीहून कितीतरी वेगाने येणारा हा अग्निबाण हवेत अडवणे कोणत्याही विमानाला शक्य नव्हते, म्हणून तो सुटतो त्या जागांवरच हल्ले करणे भाग होते. बडोदा स्क्वाड्रनची स्पिटफायर विमाने पंखांखाली आणि पोटाखाली बॉम्ब बांधून निघत आणि जवळपास उभा सूर मारून ते टाकीत. स्पिटफायर मुळात यासाठी बांधलेले नव्हते आणि सूर मारताना त्याचा वेग आवरणे कठीण जाई. ज्या यंत्राला जे जमत नाही ते त्याच्याकडून करवून घेण्याचे हे कसब मला हवाई द्वंद्वाच्या कथांपेक्षाही मोलाचे वाटते. युद्ध संपल्यावर स्क्वाड्रनला मीटिअर ही जेट विमाने मिळाली आणि १ एप्रिल १९४६ रोजी तिचा क्रमांक बदलून ५६ करण्यात आला. बडोद्याचे नाव तेथे संपले.

एक गोष्ट आपल्या कात्रणात दिसत नाही, ती सांगतो. या स्क्वाड्रनच्या अधिकृत चिन्हावर मुंगूस आहे आणि 'संकट हीच आमची संधी' या अर्थाचे ब्रीद आहे. इंग्लंडच्या रानात मुंगूस आढळत नाही, तेव्हा तो तेथे कोणत्या देशातून गेला हे बडोद्याच्या वाचकाला सांगण्याची आवश्यकता नाही. कात्रण प्लॅस्टिकमध्ये चिकटवून ठेवू नये. आम्लरहित कागदाच्या दोन पानांमध्ये ते सपाट ठेवावे.

प्रश्न : १९७१ च्या युद्धात कराचीवर हल्ला करणाऱ्या नौका ओख्याहून गेल्या असे वाचले. ओखा बंदर पूर्वी गायकवाडी होते ना? आणि एवढ्या लहान नौका कराचीपर्यंत कशा पोहोचल्या?
(कारेलीबाग, बडोदे)

उत्तर : होय, ओखामंडळ हा बडोदे संस्थानाचाच भाग होता. द्वारका आणि ओखा बडोद्यापासून शेकडो किलोमीटर दूर, काठेवाडच्या पश्चिम टोकाला असूनही तेथे गायकवाडांचा अंमल चाले, आणि ओख्याचे आधुनिक बंदर सयाजीराव महाराजांच्या कारकिर्दीतच उभे राहिले. समुद्रापर्यंत पोहोचण्याचा संस्थानाचा तो मोठा प्रयत्न होता. स्वातंत्र्यानंतर तेच बंदर नौदलाला पश्चिम सीमेजवळचा पुढचा तळ म्हणून उपयोगी पडले.

नौका लहान होत्या हे आपले निरीक्षण अचूक आहे आणि सगळी कथा त्याच्यावरच उभी आहे. सोव्हिएत संघाकडून घेतलेल्या या आठ नौकांची नावे विद्युत, वीर, विजेता, विनाश, नाशक, निपात, निर्घात आणि निर्भीक अशी होती. प्रत्येकीचे वजन दोनशे टनांच्या थोडे वर होते आणि प्रत्येकीवर चार क्षेपणास्त्रे होती. एकेका क्षेपणास्त्राचे वजन दोन टनांहून अधिक भरत असे. आपल्या किनाऱ्याजवळ दबा धरून बसावे, शत्रूची मोठी जहाजे आली की क्षेपणास्त्रे सोडून माघारी यावे, या कामासाठी त्यांची घडण झाली होती. इंधन थोडे, खलाशांना झोपायला जागा थोडी आणि खवळलेल्या समुद्रात टिकाव कमी, अशा त्यांच्या मर्यादा होत्या. मात्र वेग दांडगा होता आणि रडार आपल्या अनेक मोठ्या जहाजांवरील रडारपेक्षा चांगले होते.

योगायोगाने या नौका भारतात आल्या तेव्हाच त्यांच्या वापराची एक युक्ती नौदलाच्या हाती आली. त्या जहाजांवरून कलकत्त्याला उतरवल्या गेल्या, कारण त्यांना उचलतील अशा क्षमतेच्या क्रेन मुंबईत नव्हत्या, आणि तेथून सगळा द्वीपकल्प वळसा घालून त्यांना दोरांनी ओढत मुंबईला आणावे लागले. लहान नौकेला मोठ्या जहाजाने बराच पल्ला ओढत न्यावे, तिचे इंधन वाचवावे आणि शत्रूजवळ गेल्यावर तिला मोकळे सोडावे, हा मार्ग तेव्हापासून डोळ्यांसमोर होता. किनाऱ्याच्या राखणीसाठी बांधलेली नौका आक्रमणासाठी वापरता आली ती यामुळे.

४ डिसेंबर १९७१ च्या रात्री निपात, निर्घात आणि वीर या तीन नौका कराचीच्या दिशेने निघाल्या. त्यांच्यासोबत किल्टन आणि कच्छल या दोन मोठ्या नौका होत्या आणि क्षेपणास्त्र नौकांचे नेतृत्व कमांडर बब्रुभान यादव यांच्याकडे होते. ओखा ते कराची हे सरळ अंतर सुमारे ३४० किलोमीटर आहे. रात्रीची वेळ मुद्दाम निवडली होती, कारण अंधारात समुद्रावरील लक्ष्य शोधून त्यावर हल्ला करण्याची सोय तेव्हा पाकिस्तानी हवाई दलाकडे नव्हती.

निर्घातने पहिले क्षेपणास्त्र खैबर या पाकिस्तानी विनाशिकेवर सोडले. खैबर ही मूळची ब्रिटिश आरमाराची कॅडिझ. तिच्यावरील लोकांना क्षितिजावरून एक तेजस्वी ठिपका झपाट्याने जवळ येताना दिसला आणि ते विमानच असणार असे समजून त्यांनी त्यावर विमानविरोधी तोफांचा मारा केला. क्षेपणास्त्र आदळल्यावर त्यांनी जो बिनतारी संदेश पाठवला, त्यातही शत्रूच्या विमानाने हल्ला केल्याचेच म्हटले होते. दुसरे क्षेपणास्त्र लागल्यावर ती बुडाली. तिच्यावरील दोनशेहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली, आणि आपल्या विजयाची हकिगत सांगतानाही हा आकडा गाळू नये, असे मला मनापासून वाटते. सुरुंग काढणारी मुहाफिझ ही नौका वीरच्या क्षेपणास्त्राने बुडाली. निपातने युद्धसाहित्य घेऊन येणाऱ्या व्हीनस चॅलेंजर या मालवाहू जहाजावर मारा केला आणि एक क्षेपणास्त्र कराची बंदरातील किआमारीच्या तेलसाठ्याच्या दिशेने सोडले. आपली एकही नौका बुडाली नाही. चार दिवसांनी विनाश ही एकटी क्षेपणास्त्र नौका तलवार आणि त्रिशूल या फ्रिगेटांसह (मध्यम आकाराच्या युद्धनौकांसह) पुन्हा गेली, आणि त्या वेळी किआमारीच्या टाक्या पेटल्या.

मधल्या दिवसांत पाकिस्तानी हवाई दलाने ओख्यावर बॉम्ब टाकले आणि तेथील इंधनसाठ्याला आग लागली, म्हणजे या मोहिमेची झळ त्या जुन्या गायकवाडी बंदरालाही पोहोचली. त्याच दिवसांत पाकिस्तानी विमानांनी आपल्याच झुल्फिकार या फ्रिगेटला भारतीय क्षेपणास्त्र नौका समजून तिच्यावर गोळीबार केला. पहिल्या रात्रीच्या भयाचा परिणाम किती खोल होता, हे त्यावरून कळते. कमांडर यादव यांना महावीर चक्र मिळाले आणि ४ डिसेंबर हा नौदल दिन म्हणून पाळला जातो.

प्रश्न : माझे माहेर ग्वाल्हेरचे. शिंदे सरकारांनी पहिल्या महायुद्धात एक युद्धनौका दिली होती, असे तेथे बोलले जाते. तिचे नाव काय होते?
(मांजलपूर, बडोदे)

उत्तर : ती युद्धनौका नव्हे, रुग्णनौका होती आणि तिचे नाव लॉयल्टी. मूळची ती कॅनेडियन पॅसिफिक कंपनीची 'एम्प्रेस ऑफ इंडिया' ही प्रवासी बोट. १८९१ पासून ती पॅसिफिक महासागरात फेऱ्या करीत होती. १९१४ साली महाराज माधवराव शिंदे यांच्या पुढाकाराने ती विकत घेण्यात आली आणि जखमी सैनिकांच्या ने-आणीसाठी तिचे रुग्णालय झाले. तिची पुढची कथा तर अधिक ध्यानात ठेवण्याजोगी आहे. युद्धानंतर वालचंद हिराचंद, नरोत्तम मोरारजी आणि त्यांचे सहकारी यांनी स्थापन केलेल्या सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीने ती घेतली आणि ५ एप्रिल १९१९ रोजी तीच बोट मुंबईहून लंडनला निघाली. आज ५ एप्रिल हा राष्ट्रीय सागरी दिन आहे, तो याच प्रवासामुळे.

प्रश्न : दिवाळीच्या सुटीत आम्ही दीवला गेलो होतो. तेथे खुकरी हे जहाज पाहिले आणि टेकाडावर काचेत ठेवलेली तिची प्रतिकृतीही पाहिली. १९७१ साली बुडालेले जहाज वर काढून तेथे ठेवले आहे का? शिवाय आपल्या मागील अंकात खुकरीवर १७६ जण हुतात्मा झाल्याचे छापले होते, ते बरोबर आहे का?
(प्रतापनगर, बडोदे)

उत्तर : दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण चूक आमची आहे. १७६ हा केवळ खलाशांचा आकडा होता. त्यांच्याबरोबर १८ अधिकारीही गेले, म्हणजे एकूण १९४ जण. ज्यांची घरे त्या रात्री रिकामी झाली त्यांच्यापैकी अठरा जणांना आम्ही अनवधानाने वगळले, याबद्दल क्षमा मागतो.

आपण दीवला पाहिलेले जहाज वेगळे आहे. जुनी खुकरी ही ब्रिटनमध्ये बांधलेली ब्लॅकवुड वर्गातील फ्रिगेट होती आणि पाणबुड्या शोधून त्यांचा नाश करणे हेच तिचे काम होते. दीवच्या बाहेर एक पाणबुडी वावरत असल्याची चाहूल लागल्यावर तिला आणि किरपाण या दुसऱ्या फ्रिगेटला मुंबईहून पाठवण्यात आले. ती पाणबुडी म्हणजे पाकिस्तानची हंगोर. फ्रान्समध्ये बांधलेल्या या नव्या पाणबुडीचे सोनार, म्हणजे पाण्याखालचा आवाज टिपणारे यंत्र, खुकरीच्या सोनारपेक्षा दूरचे ऐकू शके. जहाजाचा वेग वाढला की त्याच्या स्वतःच्या आवाजात पाणबुडीचा आवाज बुडून जातो, म्हणून खुकरी संथ गतीने शोध घेत होती, आणि संथ जहाज पाणतिराला सोपे लक्ष्य होते. ९ डिसेंबरच्या रात्री पाणतीर लागल्यावर ती अवघ्या काही मिनिटांत बुडाली. कप्तान महेंद्रनाथ मुल्ला यांनी सहकाऱ्यांना बाहेर पडण्यास मदत केली आणि स्वतः जहाज सोडले नाही. त्यांना मरणोत्तर महावीर चक्र देण्यात आले. ६७ जण वाचले, आणि त्यांना दुसऱ्या दिवशी पाण्यातून उचलणारी नौका कच्छल होती, हीच पाच दिवसांपूर्वी कराचीच्या मोहिमेवर गेलेली.

जुनी खुकरी आजही दीवपासून दूर समुद्रतळाशी आहे आणि तिच्यातील माणसेही तेथेच आहेत. टेकाडावरील काचेतली प्रतिकृती तिची आहे. आपण ज्यावर चढून पाहिले ते जहाज तिच्या नावाने भारतात बांधलेली दुसरी खुकरी होय. १९८९ साली ती नौदलात आली, २०२१ च्या डिसेंबरात निवृत्त झाली आणि पुढच्याच महिन्यात दीव प्रशासनाकडे सोपवली गेली. पुन्हा जाणे झाले तर मुलांना एवढे अवश्य सांगावे की या दुसऱ्या खुकरीवर सेवेत असताना जी क्षेपणास्त्रे होती, ती ओख्याच्या नौकांवरील क्षेपणास्त्रांच्याच कुळातली होती.